मुंबई ते लोद, फक्त सात तास

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, सॅमी भावजी, मनाने वाईट नव्हते. हे मी आधीच सांगून टाकते. एकदा त्यांच्याबद्दल बोलायला लागले की माझा पारा चढतो आणि मग चांगलं सांगायचं राहून जातं.

मुंबईत असताना ते सांताक्रूझच्या विमानतळावर एका परदेशी कंपनीत सामानाच्या काट्यावर होते. लोकांच्या बॅगा तोलायच्या, चिठ्ठी बांधायची, आत ढकलायच्या, एवढंच काम. पण इकडे, ज्यूंच्या देशात, ओफाकिम गावी आल्यावर त्या काट्याचं हळूहळू विमान झालं. गावात आपली मराठी बोलणारी जी घरं होती, त्यांत एकही घर असं नव्हतं की मुंबईहून कोणी यायचं असलं आणि भावजींना विचारलं गेलं नाही. “सॅमीला विचारा, तो विमानातला आहे.” विमानातला म्हणे! हा माणूस आयुष्यात एकदाच विमानात बसला, इकडे येताना, पंचावन्न साली. आणि तेव्हाही पट्टा बांधल्यापासून इथल्या लोदच्या विमानतळावर उतरेपर्यंत तोंड उघडं टाकून झोपला होता.

विचारायला कोणी आलं की भावजी शाळेचा जुना नकाशा आणि पांढरा दोरा काढायचे. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं लोदवर. दोरा ताठ ओढायचा, तसाच खालच्या पट्टीवर नेऊन मैल काढायचे, मैलांना विमानाच्या वेगाने भागायचं. उत्तर ठरलेलं. “सांताक्रूझ ते लोद, डायरेक्ट, सात तास. मधला चहा धरून.”

एकदा मी म्हटलं, “भावजी, तुमचा दोरा सरळ अरबस्तानावरून चाललाय. आपल्याकडे यायच्या विमानाला तिथून कोण जाऊ देईल?”

त्यांनी माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तसं बघितलं. “येमिमा, ते खाली जमिनीवर. वर आभाळात कसलं आलंय अरबस्तान?”

मी कपाळावर हात मारून घेतला आणि किर्यात गातची बस पकडली. मी तिथे सूतगिरणीत होते, सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे यायचे आणि दर वेळी डोकं उठवून परत जायचे.

बरं, लोक शहाणे व्हावेत की नाही? सकाळी पोहोचेल म्हणून सांगितलेला कोणाचा मेव्हणा संध्याकाळी उतरला, लोक दिवसभर लोदला उपाशी ताटकळले, तरी पुढच्या वेळी विचारायला भावजींकडेच. आणि भावजींनी चूक म्हणून कधी कबूल केली नाही. “वारा उलटा होता.” “पायलट नवा असणार.” एकदा तर म्हणाले, “हिशेब बरोबर होता, विमानच चुकलं.” हे त्यांनी हसून नाही, गंभीरपणे सांगितलं.

या सात तासांची सुरुवात ओफाकिममध्ये नव्हे, ठाण्यात झाली होती, आणि खरा राग मला त्याचाच होता. माझी बहीण मिरियाम इकडे यायला तयार नव्हती. आई ठाण्याला भावाकडे, वडील अंथरुणाला खिळलेले. तिचा पाय निघेना. तेव्हा भावजींनी पहिल्यांदा तो दोरा काढला. “पुण्याला जाऊन परत यायला जेवढा टाइम लागतो, तेवढ्यात लोद. तू नुसतं आई म्हण, आई तुझ्या दारात.” मिरियाम ट्रंक भरायला लागली. तिच्या पाठोपाठ दोन वर्षांनी मीही आले.

मग तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं जन्मलं आणि संध्याकाळपर्यंतही राहिलं नाही. दोन्ही वेळा ती आई, आई करत होती. पण वडिलांना टाकून आई कशी येणार? भावजी दोन्ही वेळा तिच्या उशाशी बसून सांगत होते, “अगं, सात तासांचं तर आहे.” मला वाटायचं, तो नकाशा चुलीत घालावा.

वडील गेले. वर्ष उलटलं आणि मिरियामला पुन्हा दिवस राहिले. या खेपेला डॉक्टरने तिला पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही म्हणून बजावलं. ठाण्याहून आईचा निरोप आला, मी येते, कायमची येते, बाळंतपण माझ्या हातांनी होऊ दे. तिने एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस केला होता. मूल हातीपायी धड झालं की मलिदा करीन, आणि तोवर धर्माचं काही म्हणजे काही मोडणार नाही. मिरियामचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. आईचं येणं म्हणजे तिला औषधच होतं.

आता एवढं सरळ काम. आईने विमानात बसावं, आम्ही तिला उतरवून घ्यावं. पण नाही. भावजींना त्यात डोकं घालायचंच होतं.

त्याच सुमारास शमशोन पेणकर, आमचाच एक ओळखीचा, मुंबईतली खोली विकायला जाणार होता. भावजींनी त्याला बसवून आईसाठी निरोप पाठ करून घेतला, तीनदा म्हणून दाखवायला लावला. आईला रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागत, म्हणून हा खटाटोप. निरोप असा: हातातलं घड्याळ मुंबईच्या टाइमवरच ठेवायचं, काट्याला हात लावायचा नाही. विमानातून सूर्याकडे बघून वेळ ठरवायची नाही, कारण विमान पश्चिमेला जातं, सूर्य आपल्याबरोबर पळतो आणि माणसाला फसवतो. घड्याळ सांगेल तेच खरं. लोदला उतरल्यावर काटे मी स्वतः फिरवून देईन.

शमशोनने निरोप शब्दन् शब्द पोहोचवला. आयुष्यात तेवढं एक काम त्याने चोख केलं, ते नेमकं हे.

तिकीट निघालं शुक्रवारचं. मी म्हटलं, “शुक्रवार कशाला? शब्बाथच्या तोंडावर?” शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, मग शनिवारी रात्रीपर्यंत गाडी, काम, विस्तव सगळं बंद. भावजींनी दोरा ताणला. “पहाटे सुटेल, इथल्या साडेनऊला लोदला. दुपारी आई घरात. शब्बाथचा दिवा आई आपल्या हाताने लावील.” मिरियामने पलंगावरून ते ऐकलं आणि डोळे पुसले.

त्या शुक्रवारी, होळीचा सण नुकताच उरकला होता, पुरीमला आमच्यात होळीचा सणच म्हणतात, आम्ही पहाटेच निघालो. शेजारची झेहावा मिरियामपाशी बसली, पण शब्बाथ लागायच्या आत तिला आपल्या घरी जायचं होतं, सहा पोरं होती तिला. मेईर म्हणून मोरोक्कोचा एक ड्रायव्हर होता, त्याचं टेंडर, म्हणजे छोटा ट्रक, ठरवलं होतं. तो पक्का धर्माचा माणूस. निघतानाच म्हणाला, “उशिरात उशीर साडेतीन. त्यानंतर माझी गाडी लोदहून हलणार नाही, आणि तुमच्याशिवाय हलली तर मला बोल लावायचा नाही.” शुक्रवारी दुपारनंतर बसही नाही. म्हणजे ते टेंडर चुकलं की शनिवारी रात्रीपर्यंत लोदला, आणि मिरियाम रात्रभर घरात एकटी, पलंगावरून न उठता.

साडेनऊ वाजले. विमान नाही. दहा, अकरा. भावजी आकाशाकडे बघून म्हणाले, “वारा.” बारा वाजता मी चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारून आले. त्याने कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, की विमान तेहरानला थांबतं, तिथे तेल भरतं, मग वर तुर्कस्तानावरून वळसा घालून समुद्रावरून इकडे येतं. नेहमीच. नेहमीच! मी येऊन ते भावजींना सांगितलं. ते म्हणाले, “तेहरानला कशाला थांबायचं? माझ्या हिशेबात तेहरान नव्हतं.” मला वाटलं, आता मी ओरडेन. ओरडले नाही, कारण भोवती पोलीस होते.

दोन वाजता विमान उतरलं. नव्याने येणाऱ्यांच्या टेबलापाशी आईला तासाहून जास्त लागला. बाहेर आली तेव्हा नऊवारी चुरगळलेली, चेहरा सुकलेला, काखेत पोह्यांचं आणि आमसुलांचं बोचकं. मला धरून रडली, भावजींच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. सात तासांच्या हिशेबाने चार चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती, ती केव्हाच संपली होती, आणि विमानातल्या अन्नाला तिने हात लावला नव्हता. “मिरियाम कशी आहे?” एवढंच तिने तीन-चारदा विचारलं.

आम्ही टेंडरकडे चालायला लागलो. मेईर गाडी चालू करूनच बसला होता. दहा पावलांवर गाडी, आणि आईने सहज मनगट वर करून घड्याळ बघितलं. ती थांबली. बोचकं खाली ठेवलं आणि तिथल्या बाकावर बसली.

“झालं,” ती म्हणाली. “शब्बाथ लागला. आता मी मोटारीत बसायची नाही.”

मला आधी कळेचना. भर दुपार. उन्हाने डोळे दिपत होते. “आई, अगं, सव्वातीन वाजलेत!”

तिने घड्याळ माझ्यापुढे धरलं. पावणेसात. “ठाण्यात एव्हाना सूनबाईने दिवा लावला असेल. मी ठाण्याची बाई. माझा शब्बाथ तिथला.”

“पण तो बघ सूर्य! डोक्यावर आहे!”

“सूर्य फसवतो,” आई शांतपणे म्हणाली. “घड्याळ सांगेल तेच खरं. सॅमीनेच निरोप धाडलाय.”

मी भावजींकडे वळले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. भावजी पुढे आले आणि त्यांनी, दुसरं काय करणार, समजावून सांगायला सुरुवात केली. पृथ्वी गोल आहे. ती फिरते. मुंबई पूर्वेला. त्यांनी काडीने मातीत एक वर्तुळ काढलं, त्यात ठाणं दाखवलं, लोद दाखवलं, दोन्हींत साडेतीन तासांचा फरक कसा, ते आकडेमोड करून सांगितलं. मागून मेईरचा हॉर्न. आईने सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे घड्याळ खोटं?” तिने विचारलं.

“खोटं कसं? घड्याळ बरोबर आहे, आई. मुंबईच्या हिशेबाने एकदम करेक्ट आहे.”

“मग झालं तर.”

भावजींनी घड्याळाकडे हात नेला, काटे फिरवून द्यायला. आईने मनगट पदराखाली घेतलं. “शब्बाथ लागल्यावर काट्याला हात? आपल्याला कोकणात शनवार तेली म्हणायचे ते उगाच? माझ्या आज्याने उपाशी राहून शनवारचा घाणा बंद ठेवला, आणि मी मोटारीतून मिरवू?” मग तिचा आवाज एकाएकी बारीक झाला. “आणि आत्ताच नवस बोलून आलेय मी. आज मोडलं आणि त्या पोरीला काही झालं तर? दोनदा झालंय. तिसऱ्यांदा माझ्या पापाने व्हायला नको. मी इथेच बसते. तुम्ही जा तिच्याकडे.”

तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. ती हट्टाला पेटली नव्हती, घाबरली होती. मिरियामकडे जायला तिचा जीव तुटत होता आणि मिरियामसाठीच ती बाकावरून उठत नव्हती.

मेईर खाली उतरून आला. “काय झालं? गिव्हेरेतला, या बाईंना, बरं नाही?” मी त्याला तोडक्यामोडक्या हिब्रूत सांगितलं. त्याने सूर्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, दोन्ही हात वर करून “दहा मिनिटं!” म्हणाला आणि परत जाऊन बसला. मी आईला एकटीला टाकणार नव्हते. भावजी गेले असते तर पुरुषमाणूस एकटा मिरियामच्या उशाशी, त्याचा तिला काय उपयोग? ती वाट आईची बघत होती.

“भावजी,” मी म्हटलं, “अजून एक शब्द हिशेबाचा बोललात तर बघा.”

ते मातीतल्या वर्तुळाकडे बघत उभे होते. मग त्यांनी ते बुटाने पुसलं. आणि आईच्या पायाशी उकिडवे बसले.

“आई, मिश्टेक माझी आहे.”

मी बारा वर्षं या माणसाला ओळखत होते. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“कसली मिश्टेक?” आई म्हणाली.

“सगळीच. सूर्य फसवतो म्हणून निरोप धाडला, ते चुकलं. सूर्य जिथे आपण असू तिथलाच खरा. सात तास सांगितले, तेही चुकलं. मला माहीतच नाही विमान कुठून येतं. येताना मी झोपलो होतो.” त्यांची कानशिलं लाल झाली होती. “मिरियाम यायला तयार नव्हती, आई. तुमच्यापासून लांब जायचं म्हणून रडायची. म्हणून मी नकाशावर दोरा धरला आणि मुंबई जवळ आणली. मग रोजच जवळ आणत बसलो. दोन पोरं गेली तेव्हाही तिला सांगत होतो, आई सात तासांवर आहे. आता पुन्हा तिला सांगून आलोय की दिव्याच्या आधी आईला आणतो. आज नाही आणलं तर मला तिच्यापुढे जायला तोंड नाही.”

आईने सूर्याकडे बघितलं, हाताची सावली करून, खूप वेळ. सूर्य बराच वर होता.

“इथल्या लोकांनी दिवे लावले नाहीत अजून?” तिने मला विचारलं.

“नाही गं. तो ड्रायव्हर आपल्याहून कडक आहे. शब्बाथ लागला असता तर त्याने चाकाला हात लावला असता का?”

ही गोष्ट तिला पृथ्वीच्या गोलापेक्षा पटली. तिने घड्याळ काढलं आणि भावजींच्या हातात दिलं. “लाव मग इथल्या टाइमावर. आणि सॅमी, यापुढे माझ्या लेकीला खोटं सांगायचं नाही. गोड असलं तरी नाही.”

“नाही, आई.”

त्यांनी घड्याळ माझ्यापुढे केलं, काटे शेवटी मीच फिरवले.

मेईरने टेंडर असं हाणलं की बेरशेवा येईपर्यंत माझा जीव मुठीत होता. आई मात्र पश्चिमेच्या बाजूला बसून सूर्यावर डोळा ठेवून होती, कोणी तो चोरून नेईल की काय अशी. ओफाकिममध्ये शिरलो तेव्हा तो घरांच्या छपरांना टेकायला आला होता. झेहावा दारातच उभी होती, आम्हाला बघून “बारूख हाशेम”, देवाची कृपा, म्हणाली आणि आपल्या घराकडे पळाली.

आईने चपला दारात काढल्या आणि थेट पलंगाकडे गेली. दोघी एकमेकींना धरून बसल्या. मी ते सांगत बसत नाही, प्रत्येकीने आपापल्या आईला आठवावं. पाझित, मिरियामची लेक, पुढच्या आठवड्यात झाली, सुखरूप झाली, मलिदाही झाला, त्याचंही पुन्हा कधीतरी. त्या वेळी घाई दिव्याची होती. आईने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि वात सारखी करून दिवा लावला. खिडकीत उजेड अजून होता. भावजी दाराशीच उभे होते, परक्या घरी आल्यासारखे.

शब्बाथची प्रार्थना झाल्यावर मिरियामने त्यांना जवळ बोलावलं. “काय हो, इतका उशीर? किती वेळ लागला शेवटी विमानाला?”

मला वाटलं, सवयीप्रमाणे ते म्हणणार, वारा. भावजींनी आईकडे बघितलं.

“फार वेळ लागला,” ते म्हणाले. “मिरियाम, मुंबई सात तासांवर नाही. कधीच नव्हती. खूप लांब आहे. मी तुला खोटं सांगत आलो.”

मिरियामने त्यांचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “विमानात झोपला होता तुम्ही. मी सगळी वाट जागी होते.”